दोन लाख किलोमीटरनंतरचे इंजिन

आमच्या घरची सात आसनी डिझेल एसयूव्ही २०१३ सालची आहे. ती घेतली तेव्हा मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर होते आणि आज तो आकडा २ लाख ४० हजारांच्या पुढे गेला आहे. कराडला बिऱ्हाड, पाटण तालुक्यात शेती आणि चिपळूणला माहेर असे आमचे जाणेयेणे असल्यामुळे खताची पोती, आंब्याच्या पेट्या, म्हातारी माणसे आणि मुले यांना एकाच वेळी घेऊन कुंभार्ली घाट चढू शकेल अशी गाडी आम्हाला हवी होती, आणि तशी नवी गाडी पंधरा-वीस लाखांच्या खाली मिळत नव्हती. जुनी घेण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता आणि तो योग्य होता असे मला आजही वाटते. मात्र गेल्या काही वर्षांत या गाडीच्या इंजिनाने जी दुखणी पुन्हापुन्हा काढली, त्यांच्या मागे लागताना माझे एक मत पक्के होत गेले. जुन्या डिझेल इंजिनावर आपले जे पैसे जातात, त्यातले बरेचसे मूळ दोष सापडण्याआधीच गेलेले असतात.

एवढ्या चाललेल्या गाडीचा विषय निघाला की लोक आधी मीटरचा आकडा विचारतात. त्या आकड्याला अर्थ आहे, पण एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. डिजिटल मीटर मागे फिरवता येतो, त्यामुळे क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर किती झिजले आहे, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झाले आहे, चालकाच्या सीटची कड किती बसली आहे, हे सारे आकड्याशी ताडून पाहावे लागते. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाने सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार लावून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पावतीवर किलोमीटरची नोंद होती. ते नोकरीनिमित्त पुणे-बेंगळुरू महामार्गावर सतत फिरत असत. महामार्गावर इंजिन पूर्ण तापते, एका लयीत चालते आणि ऑईलमध्ये साचलेला ओलावा उडून जातो. याउलट शहरात रोज दोन-चार किलोमीटर जाऊन थांबणारी गाडी कमी किलोमीटरमध्येही आतून काजळीने भरते. म्हणूनच ऐंशी हजार किलोमीटर शहरात फिरलेली एक गाडी समोर असताना आम्ही ही निवडली.

पहिले दुखणे पाण्याचे होते. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी हळूहळू उतरत असे, पण गाडीखाली थेंब दिसत नसे, होजच्या जोडांवर डाग नसत आणि पुढे बसणाऱ्यांच्या पायाशी ओल नसे. सपाट रस्त्यावर काहीही जाणवत नसे. चिपळूणहून निघून घाटाच्या पायथ्याची पोफळी मागे पडली, गाडी भरलेली असली आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढ ओढायची वेळ आली की मात्र तापमान वर सरकू लागे. घाट चढून हेळवाकला पोहोचून बॉनेट उघडावे तर रेडिएटरचा वरचा होज दाबता दाबला जाऊ नये इतका कडक झालेला असे.

रेडिएटरच्या झाकणाचे काम पाणी आत ठेवण्यापुरतेच नसते, हे इथे सांगायला हवे. ते झाकण आत साधारण एक बारचा, म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका, जादा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. कूलंट मिसळलेले असेल तर आणखी वर. त्यामुळेच गरम इंजिनाचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते, कारण दाब सुटताच आतले पाणी उकळून थेट अंगावर येते. घाटात वाफाळत थांबलेल्या गाडीभोवती जमणारी माणसे मदतीच्या भावनेने सर्वांत आधी झाकण खोलायला सांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. तापमानाच्या काट्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. बऱ्याच गाड्यांत तापमान दहा-पंधरा अंशांनी बदलले तरी काटा मध्यावरच राहील अशी योजना असते, आणि पाणी फारच कमी होऊन सेन्सरभोवती नुसती वाफ उरली तर काटा चक्क खाली येऊ शकतो. मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ओबीडी अडॅप्टर घेतला आणि फोनवर खरे अंश पाहू लागले. सपाटीवर ८८, घाटाच्या पायथ्याशी ९४ आणि वरच्या वळणांवर १०७ असा तो प्रवास होता. काटा या सगळ्या वेळात मध्यापासून जेमतेम बोटभर हलला होता.

कराडच्या पहिल्या गॅरेजमध्ये निदान लगेच झाले. टाकीचे झाकण काढून इंजिन चालू ठेवले तेव्हा पाण्यात बुडबुडे येत होते. ‘ताई, हेड गॅस्केट गेलंय बघा. हेड उतरवून फेसिंग मारून घेऊ,’ असे मिस्त्री म्हणाले. हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण आणि गॅस्केट म्हणजे त्या दोहोंमधली वायू आणि पाणी वेगळे ठेवणारी पट्टी. त्यांनी निळ्या द्रावणाची चाचणीही घेतली. जळलेला वायू पाण्यात मिसळत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हे द्रावण रंग बदलते. पेट्रोल इंजिनावर ते पिवळे पडते, डिझेलवर हिरवट. आमचे हिरवट झाले. पुरावा समोर होता आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक कोणीही काढला असता. हेड उतरले, लेथवाल्याकडे जाऊन आले, नवे गॅस्केट आणि नवे बोल्ट बसले, आणि बिल पस्तीस हजारांच्या पुढे गेले.

काढलेले गॅस्केट मी मागून घरी आणले. जुने सुटे भाग मागून घेण्याची सवय प्रत्येक मालकाने लावून घ्यावी असे मला कळकळीने वाटते, कारण काढलेला भाग बरेच काही सांगतो. खरोखर गेलेल्या गॅस्केटवर एका सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळा, जळका माग दिसतो. आमच्या गॅस्केटवर सिलिंडरभोवतीची चारही धातूची कडी अखंड होती आणि माग कुठेही नव्हता. पावसाळा उतरल्यावर आम्ही पुन्हा चिपळूणला गेलो आणि परतताना घाटात तोच १०७ चा आकडा पुन्हा दिसला.

यानंतरचा काळ अशा गाड्यांच्या मालकांना चांगला ओळखीचा असेल. रेडिएटर चोंदला असेल म्हणून रेडिएटर बदलला. वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची, पाती झिजली असतील म्हणून वॉटर बॉडी बदलली. शेवटी थर्मोस्टॅटच काढून टाकला, ‘आता पाणी कायम फिरत राहील, गाडी तापायचीच नाही’ असे सांगून. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती दुरुस्ती समजली जाते, पण तिच्यामुळे इंजिनाचे नुकसान होते. साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडणारी ही झडप इंजिनाला कामाच्या तापमानापर्यंत लवकर नेते. ती नसली की सपाट रस्त्यावर आणि थंडीत इंजिन अर्धवट गारच राहते, डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, ऑईलमध्ये ओलावा राहतो आणि झीज वाढते. आमच्या गाडीचे मायलेज लिटरमागे बारावरून साडेदहावर आले, आणि घाटातले तापणे काही थांबले नाही.

मग ओळखीतून एका वयस्कर मिस्त्रींचे नाव कळले. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. ‘चढालाच तापती, का गावात बी? पाणी कवा टाकलं, किती टाकलं, लिवून ठेवलंय का?’ मी लिहून ठेवले होते. वही पाहून त्यांनी दोन गोष्टी टिपल्या. पाणी घाटातल्या फेरीनंतरच कमी होत होते, आणि सकाळी गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरी वाफ नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होती. त्यांचे म्हणणे असे पडले की कूलंटमध्ये जळलेला वायू येतो आहे हे निळ्या द्रावणाने खरेच दाखवले होते, पण तो सिलिंडरमधूनच येतो हे त्या चाचणीतून कळत नाही. जळलेला वायू आणि पाणी एकमेकांच्या शेजारून जातात अशी दुसरी जागाही या इंजिनात आहे, ती म्हणजे ईजीआर कूलर.

ईजीआरची रचना समजून घेतली तर पुढचे सारे समजते. ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन घातक नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही भाग वळवून पुन्हा इंजिनात सोडतात, आणि त्याने ज्वलनाचे तापमान उतरते. हा धूर काही शे अंश गरम असतो, म्हणून तो आधी एका कूलरमधून जातो. कूलरच्या आत पातळ नळ्यांतून धूर वाहतो आणि नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचेच कूलंट फिरते. वर्षानुवर्षे तापून आणि गार होऊन या नळ्यांच्या जोडांना बारीक तडे जातात. आमच्या इंजिनात ईजीआरची झडप कूलरच्या पुढे, इनटेकच्या बाजूला आहे. त्यामुळे झडप बंद असली तरी कूलरला एक्झॉस्टचा दाब लागतच राहतो. चढावर टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या, अलीकडे हा दाब वाढला की धूर तड्यातून पाण्यात घुसतो, टाकीत दाब वाढतो आणि वायूच्या पोकळ्या झाल्यामुळे पाण्याचे फिरणे मंदावते. गाडी थांबली की दाबाची दिशा उलटते आणि पाणी धुराच्या वाटेत झिरपते. पाणी बाहेर न सांडता कमी होणे, सकाळची वाफ, घाटातले तापणे आणि हिरवट झालेले द्रावण या चारही गोष्टींचा उलगडा या एका तड्याने होत होता.

तरीही मामांनी लगेच नवा कूलर मागवायला सांगितले नाही. कूलर उतरवून आम्ही रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी पाण्याच्या बाजूची एक नळी रबरी बूच ठोकून बंद केली, दुसऱ्या नळीला कॉम्प्रेसरचा पाइप जोडला आणि काजळीने काळा झालेला तो कूलर सिमेंटच्या हौदात बुडवला. दीड-दोन बार हवा सोडली तरी पाणी स्थिर राहिले. चाचांनी मान हलवली. मामा म्हणाले, ‘गार हाय म्हणून गप हाय. गरम पाणी टाका.’ स्टोव्हवर पातेले ठेवून पाणी उकळले, हौदातले पाणी कमी करून ते ओतले, आणि थोड्या वेळाने धुराच्या तोंडातून मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत वर येऊ लागले. धातू तापून फुगल्यावरच तडा उघडत होता. सपाटीवर दोष लपून राहत होता तो यामुळेच. या साऱ्या तपासणीला चाचांनी काही शे रुपये घेतले.

या टप्प्यावर दोन-तीन जाणत्यांनी ईजीआरची वाट पत्र्याची चकती टाकून कायमची बंद करण्याचा सल्ला दिला. त्याने कूलरचा खर्च वाचतो आणि इंजिनात काजळी कमी जाते, हे खरे आहे. मी त्याला ठाम नकार दिला. प्रदूषणाची मानके मोडणारी गाडी रस्त्यावर आणणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दंडनीय आहे, हा झाला कायद्याचा भाग. त्याहून मला असे वाटते की आमची गाडी शाळा सुटण्याच्या वेळी गावाच्या पेठेतून जाते आणि तिचा धूर ज्यांच्या नाकात जातो त्यांना आमच्या बचतीतून काहीच मिळत नाही. नवा कूलर बसवला, थर्मोस्टॅट परत लावला, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरले. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचे पाणी ओततात. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि पुढे दुसरेच दुखणे उभे राहते. त्यानंतर कुंभार्ली चढताना तापमान ९७ च्या वर गेलेले नाही आणि मायलेजही पुन्हा बाराच्या जवळ आले आहे.

दुसरे दुखणे लवकर आटोपले. गाडीचा पिकअप गेला, चढावर काळा धूर येऊ लागला आणि कधीकधी इंजिनाचा दिवा लागून गाडी एका वेगाच्या पुढे जाईनाशी झाली. टर्बो गेला असे दोन ठिकाणी सांगण्यात आले. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि इंजिन ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यामुळे २ लाख किलोमीटरनंतर तो संशयित असणे साहजिक आहे. पण टर्बोच्या सीलमधून ऑईल जळते तेव्हा धूर निळसर येतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. दांड्याला बोटाने हलवून पाहिले तर त्यात खेळ नव्हता. मग टर्बो ते इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) आणि इंटरकूलर ते इंजिन या वाटेवरचे रबरी होज मामांनी हाताने पिळून पाहिले, आणि एका होजच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर सापडली. इंजिन नुसते चालू असताना ती मिटलेली राहत होती आणि टर्बोचा दाब चढला की उघडत होती. होज बदलला आणि पिकअप परत आला. पिकअप गेलेल्या गाडीत टर्बोच्या आधी हे होज पाहावेत.

तिसरे दुखणे मला सर्वांत जास्त शिकवून गेले. गाडी पहाटे गार असताना पहिल्या फटक्यात सुरू होई, पण लांबून येऊन कोयनानगरला चहाला थांबलो की नंतर सुरूच होत नसे. सेल्फ फिरत राही, इंजिन पेट घेत नसे. अर्धा-पाऊण तास थांबले की निमूटपणे सुरू होई. बॅटरी बदलण्यात आली. सेल्फ उघडून त्याचे कार्बन बदलण्यात आले. डिझेल फिल्टर नवा बसला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमध्ये गार अवस्थेत तपासली जाई, त्यामुळे ती सुरू होई आणि दुरुस्ती झाली असे समजून परत मिळे. गरम असताना येणारा दोष गरम असतानाच तपासायला हवा, ही साधी गोष्ट गॅरेजच्या धबडग्यात राहून जाते.

कॉमन रेल डिझेल इंजिनात उच्च दाबाचा पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो. पूर्ण जोरात असताना हा दाब दीड हजार बारच्या वर जातो आणि इंजिन सुरू होण्यासाठीही साधारण दीडशे-दोनशे बार लागतात. तेवढा दाब होईपर्यंत संगणक सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडतच नाही. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडे डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जाते आणि तशीच रचना आहे. पण इंजेक्टरच्या आतली झडप झिजली की हे परतीचे डिझेल वाढते आणि रेलमध्ये दाब धरत नाही. गार डिझेल दाट असते, म्हणून झिजलेल्या फटीतून कमी निसटते. तापून पातळ झालेले डिझेल झपाट्याने निसटते. पहाटे सुरू होणारी गाडी चहानंतर अडून बसते, त्याचे कारण हे.

मामांनी गाडी मुद्दाम तासभर फिरवून आणायला लावली. मग चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून त्यांच्या जागी सलाईनच्या पारदर्शक नळ्या लावल्या आणि त्यांची दुसरी टोके सारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडून त्या बाटल्या बॉनेटच्या कडेला ओळीने बांधल्या. इंजिन कसेबसे सुरू झाले आणि आम्ही बाटल्यांकडे पाहत उभे राहिलो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत डिझेल तळ झाकण्याइतके जमले असताना तिसरी अर्ध्यावर आली होती. स्कॅनरच्या पडद्यावरचे आकडे नंतर त्याला दुजोरा देत गेले, पण दोष डोळ्यांना दिसला तो त्या बाटल्यांत. चारही इंजेक्टर बदलायचे ठरले असते तर लाखाच्या जवळ खर्च गेला असता. तिसरा इंजेक्टर पुण्याला पंप-नोझलच्या लॅबमध्ये पाठवला, तिथे त्याची झडप आणि नोझल बदलून बेंचवर तपासणी झाली, आणि सोबत उरलेल्या तिघांचीही तपासणी करून घेतली. ते मर्यादेत होते.

बसवताना दोन गोष्टी मी स्वतः उभी राहून करून घेतल्या. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे हवे; जुने वापरले तर तिथून ज्वलनाचा वायू फुसफुसतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा थर जमतो. दुसरे असे की अशा इंजेक्टरवर त्याच्या मोजमापाचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. बेंचवरून आल्यावर लॅबने दिलेला नवा क्रमांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो, तरच संगणकाला त्या सिलिंडरला नेमके किती डिझेल द्यायचे ते कळते. हे काम अनेक ठिकाणी वगळले जाते आणि मग नव्या इंजेक्टरनेही गाडी खडखडते.

या तिन्ही दुखण्यांत फसवणुकीचा संशय मला कोणावरही नाही. आपल्याकडच्या गॅरेजचा हिशेबच असा आहे की भाग बदलला तर मजुरी मिळते आणि विचार केला तर काहीच मिळत नाही. दोन तास गाडीसोबत घालवून ‘अमुक भाग चांगला आहे’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीला आपण पैसे देत नाही; निदान देण्याची रीत नाही. मामांना मी तपासणीचे पैसे वेगळे देते, दोष सापडो अथवा न सापडो. सुरुवातीला ते घ्यायला तयार नव्हते. ‘काय बदललंच न्हाई तर पैसं कशाचं?’ असे त्यांनी विचारले, आणि मी त्यांना त्या अखंड गॅस्केटचे बिल दाखवले. तेव्हापासून आमचा व्यवहार तसाच चालतो. ज्यांच्याकडे २ लाखांच्या वर चाललेली गाडी आहे त्या सर्वांनी आपापल्या मिस्त्रींशी हे उघड बोलून ठरवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती वहीची. ग्लव्ह बॉक्समधल्या वहीत मी डिझेल, कूलंट आणि ऑईल किती टाकले, मीटर काय होता, रस्ता कोणता होता, गाडी गार होती की गरम आणि धुराचा रंग काय होता एवढे लिहिते. मिस्त्री गाडी एक-दोन तास पाहतात; आपण ती महिनोन्महिने चालवतो, आणि दोष कोणत्या परिस्थितीत येतो हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. ते नुसते आठवणीवर सोडले तर गॅरेजच्या दारात उभे राहिल्यावर ‘अधूनमधून तापते’ एवढेच सांगता येते, आणि एवढ्यावरून कोणताही मिस्त्री अंदाजच बांधणार.

सध्या वहीत ऑईलचा प्रश्न आहे. दोन सर्व्हिसच्या मधल्या काळात डिपस्टिकवरची पातळी पूर्वीपेक्षा जास्त उतरते आहे, आणि इंजिन चालू असताना ऑईल भरायचे झाकण सैल केले की ते हलकेच थडथडते. याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, उतरतो आणि ऑईलची वाफ घेऊन वर येतो. परंतु ही वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची झडप काजळीने चोंदली असेल तरीही झाकण असेच थडथडते, आणि ती झडप इंजिन कामाच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलण्याच्या, मानाने नगण्य किमतीत मिळते. धूर अजून निळा झालेला नाही. त्यामुळे आधी ब्रीदर साफ करून किंवा बदलून पाहायचा, मग चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबू शकतो ते, गेज लावून मोजायचे, असा क्रम मामांनी आणि मी ठरवला आहे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आणि निर्मात्याच्या मर्यादेत आले तर वरचेवर ऑईल टाकत गाडी चालवत राहायची. एखादाच सिलिंडर बराच खाली निघाला तर त्याचे कारण रिंगा की व्हॉल्व्ह, हे ऑईलचे थेंब टाकून पुन्हा मोजल्यावर बऱ्याच अंशी कळेल. चारही खाली असतील तर मात्र फुल इंजिन कामाचा प्रश्न येईल.

त्या प्रश्नाचे उत्तर नोंदणीच्या तारखेशीही बांधलेले आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आमची २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर गाडीची तपासणी, नमुना २५ चा अर्ज आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर हे सारे पार पडले तर ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडीचा सांगाडा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल अजून ठणठणीत आहेत, आणि चासीला कोकणच्या हवेत जाऊनही गंज धरलेला नाही, कारण दर पावसाळ्यानंतर आम्ही खालून पाण्याने धुऊन घेतो. इंजिन कामाला लाख-दीड लाख घालून पुढची सात-आठ वर्षे अशीच गाडी मिळत असेल तर मी ते काम करून घेईन. कॉम्प्रेशनची तपासणी दिवाळीच्या आधी, ऊसतोडीची गडबड सुरू होण्यापूर्वी ठरली आहे. आकडे हाती आले की ते इथे लिहीन, आणि ज्यांनी आपल्या २ लाखांपुढच्या गाडीचे कॉम्प्रेशन मोजून घेतले आहे त्यांनीही आपले आकडे किलोमीटरसकट जरूर कळवावेत.